शेजारची जकात आणि कॅनडाचे प्रांत

एखाद्या देशाने शेजाऱ्याच्या मालावर जकात बसविली म्हणजे तो दोन सरकारांमधील तंटा आहे, असे सामान्यतः समजले जाते. एका राजधानीतून जकातीचा हुकूम सुटतो, दुसऱ्या राजधानीतून त्याला उत्तर जाते, आणि वर्तमानपत्रे दोहोंची नोंद करतात. परंतु ज्या देशावर जकात बसते, तो देश म्हणजे एका मालकाचे दुकान नव्हे. त्याच्या एका प्रांतात गहू पिकतो, दुसऱ्यात कारखाने चालतात, तिसऱ्याचा चरितार्थ मासळीवर असतो. शेजाऱ्याची जकात या सर्वांना सारखी लागत नाही. आणि तिला दिलेले उत्तरही सर्वांना सारखे परवडत नाही. कॅनडाच्या गेल्या पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासात ही अडचण पुनःपुन्हा उभी राहिलेली दिसते.

या कथेचा आरंभ १८४६ मध्ये होतो. त्या वर्षी इंग्लंडने धान्यावरील जकातीचे जुने कायदे रद्द केले आणि कॅनडातील वसाहतींच्या गव्हाला इंग्लंडच्या बाजारात मिळणारी सवलत संपुष्टात आली. १८४९ मध्ये माँट्रिअल येथील काही व्यापाऱ्यांनी तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विलीन व्हावे, असा जाहीरनामाच काढला. हा असंतोष शमविण्यासाठी गव्हर्नर जनरल लॉर्ड एल्गिन यांनी वॉशिंग्टनला जाऊन १८५४ च्या जूनमध्ये परस्पर सवलतींचा करार घडवून आणला. धान्य, पीठ, लाकूड, कोळसा, मासळी अशा नैसर्गिक उत्पन्नाची ने-आण उभय बाजूंनी जकातीवाचून होऊ लागली. त्याच्या मोबदल्यात अमेरिकन कोळ्यांना अटलांटिक किनाऱ्यालगत मासेमारीची मुभा मिळाली. करार सर्व वसाहतींचा होता. परंतु त्याची ही किंमत समुद्रकाठच्या वसाहतींनी मोजली, आणि नोव्हा स्कोशियात त्याबद्दल कुरकुर झाल्यावाचून राहिली नाही.

हा करार बारा वर्षे टिकला. दरम्यान कॅनडाचे अर्थमंत्री अलेक्झांडर गॉल्ट यांनी १८५९ मध्ये पक्क्या मालावरील जकात वाढविली. तिचा हेतू तिजोरी भरण्याचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकन कारखानदारांना ते पटले नाही. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, इंग्लंडविषयी उत्तरेकडील राज्यांचे मन कलुषित झाले आणि मार्च १८६६ मध्ये अमेरिकेने करार मोडीत काढला. ज्या शेजाऱ्याच्या बाजारावर भिस्त ठेवली, त्याचे दार असे अकस्मात बंद होऊ शकते, हा धडा वसाहतींना मिळाला. दक्षिणेचा बाजार गेला तर आपसांतला बाजार तरी मोकळा करावा, हा विचार त्यामुळे बळावला. १ जुलै १८६७ रोजी ओंटारिओ, क्वेबेक, न्यू ब्रन्सविक व नोव्हा स्कोशिया या चार प्रांतांचे संघराज्य जन्मास आले, त्याच्या कारणांत या घटनेची गणना करावी लागते. संघराज्याच्या कायद्यातील १२१ व्या कलमाने एका प्रांताचा माल दुसऱ्या प्रांतात विनाजकात जावा, असे ठरवून दिले.

परंतु नोव्हा स्कोशियाला हे घर रुचले नाही. त्या प्रांताची जहाजे न्यू इंग्लंडशी, वेस्ट इंडीजशी व्यापार करीत. त्याची स्वतःची जकात हलकी होती. आता त्याला अधिक भारी जकात सोसावी लागणार होती. १८६७ च्या पहिल्याच मध्यवर्ती निवडणुकीत तेथील १९ जागांपैकी १८ जागा संघराज्याच्या विरोधकांनी जिंकल्या. जोसेफ हाऊ हे त्यांचे पुढारी. पुढे अनुदानात वाढ करून त्यांची समजूत घालण्यात आली. तथापि मुळातला सल गेला नाही.

१८७३ नंतर मंदी आली. अमेरिकन कारखानदार आपल्या देशात उंच जकातीच्या आडोशाने सुरक्षित राहून उरलेला माल कॅनडात पडेल किमतीस विकू लागले. मग पंतप्रधान जॉन मॅक्डोनाल्ड यांच्या सरकारने १८७९ मध्ये ‘राष्ट्रीय धोरण’ म्हणून ओळखली जाणारी संरक्षक जकात लागू केली. शेजाऱ्याच्या भिंतीला भिंतीनेच दिलेले हे उत्तर होते. कारखाने वाढले, परंतु ते कालांतराने प्रामुख्याने ओंटारिओ व क्वेबेकमध्ये एकवटले. पश्चिमेच्या मैदानात वसलेला शेतकरी नांगर व कापणीचे यंत्र संरक्षित, म्हणजेच महाग, बाजारात घेई. आपला गहू मात्र त्याला जगाच्या खुल्या भावाने विकावा लागे. उत्तर राष्ट्राचे होते. त्याची पट्टी मात्र काही प्रांतांनी अधिक भरली.

याच काळात विल्यम फील्डिंग हे नाव पुढे येते. नोव्हा स्कोशियाचे मुख्यमंत्री या नात्याने त्यांनी १८८६ मध्ये संघराज्यातून बाहेर पडण्याचा ठराव विधानसभेत मंजूर करून घेतला आणि त्याच प्रश्नावर निवडणूक जिंकली. पुढच्याच वर्षी पाच प्रांतांचे मुख्यमंत्री क्वेबेक शहरी जमले व त्यांनी अमेरिकेशी मुक्त परस्पर व्यापार असावा, असा कौल दिला. पंतप्रधान मॅक्डोनाल्ड या परिषदेकडे फिरकलेही नाहीत. गंमत अशी की, त्याच १८८७ मध्ये झालेल्या मध्यवर्ती निवडणुकीत नोव्हा स्कोशियाने बहुसंख्य जागा मॅक्डोनाल्ड यांच्या पक्षाला दिल्या. प्रांताच्या कोळशाच्या खाणींना तीच जकात तारक ठरत होती. देशाप्रमाणे प्रांतही एकजिनसी नसतो, याचा हा पुरावा.

ठराव विरून गेला. फील्डिंग मात्र १८९६ मध्ये मध्यवर्ती सरकारात अर्थमंत्री झाले. हॅलिफॅक्सहून अन्यायाची वाटणारी जकात आता त्यांनाच ओटावाहून चालवावयाची होती. त्यांनी ती मोडून टाकली नाही. १८९७ मध्ये ब्रिटिश मालाला सवलत देऊन ती थोडी सैल केली, इतकेच. डिसेंबर १९१० मध्ये शेकडो शेतकरी ओटावात येऊन थडकले आणि त्यांनी जकात कमी करण्याची मागणी केली. जानेवारी १९११ मध्ये फील्डिंग यांनी अमेरिकेशी नवा करार जुळवून आणला. शेतमालाला अमेरिकेचा बाजार खुला होणार होता. पश्चिमेचे प्रांत हर्षित झाले.

परंतु ओंटारिओतील कारखानदारांना व बँकांना भय वाटले की, आज गहू मोकळा झाला, उद्या यंत्रे मोकळी होतील. टोराँटोतील अठरा उदारमतवादी धनिकांनी स्वपक्षाविरुद्ध जाहीरनामा काढला. ओंटारिओचे मुख्यमंत्री जेम्स व्हिटनी यांनी आपल्या प्रांतिक पक्षाचे सारे बळ विरोधकांच्या पाठीशी उभे केले. त्यातच अमेरिकन काँग्रेसच्या एका पुढाऱ्याने, आपला ध्वज एक दिवस साऱ्या ब्रिटिश उत्तर अमेरिकेवर फडकेल, अशी आशा बोलून दाखविली. व्यापाराचा प्रश्न अस्मितेचा झाला. २१ सप्टेंबर १९११ रोजी पंतप्रधान लॉरिए यांचा पराभव झाला. ओंटारिओतील ८६ जागांपैकी ७० हून अधिक जागा विरोधकांना मिळाल्या; आल्बर्टा व सस्कॅचवान यांनी मात्र करारालाच मत दिले. फील्डिंग स्वतःच्या मतदारसंघातही पडले.

१९३० मध्ये अमेरिकेने स्मूट-हॉली कायद्याने जकातीची भिंत पुन्हा उंच केली. नवे पंतप्रधान बेनेट यांनी तिला उंच जकातीनेच उत्तर दिले. गव्हाचे भाव कोसळलेले, त्यात अवर्षण. मैदानी प्रांतांची दैना झाली. १९३५ मध्ये अमेरिकेशी करार होऊन ताण काहीसा सैल झाला. परंतु सर्वांत मोलाची गोष्ट घरातच घडली. केंद्र व प्रांत यांच्या आर्थिक संबंधांची चौकशी करण्यास १९३७ मध्ये शाही आयोग नेमला गेला. दुर्बळ प्रांतांना राष्ट्राच्या तिजोरीतून हक्काचा वाटा मिळावा, हे तत्त्व त्याच्या १९४० च्या अहवालात मांडले गेले. १९५७ मध्ये समतोल-अनुदानांची योजना सुरू झाली.

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने कॅनडाच्या मालावर शेकडा २५, तर खनिज तेलासारख्या ऊर्जावस्तूंवर शेकडा १० जकात लावली, तेव्हा जुनेच नाटक नव्या पात्रांनिशी सुरू झाले. तत्पूर्वी जानेवारीतच आल्बर्टाच्या मुख्यमंत्री डॅनिएल स्मिथ यांनी सर्व प्रांतांच्या संयुक्त निवेदनावर सही नाकारली होती; कारण आल्बर्टाच्या तेलाची निर्यात रोखण्याचे किंवा तीवर कर बसविण्याचे अस्त्र त्यातून वगळलेले नव्हते. १९८० च्या ऊर्जा-धोरणाचा चटका तो प्रांत विसरला नव्हता. उलट, मोटारींच्या कारखान्यांवर जगणाऱ्या ओंटारिओने सरकारी दुकानांतून अमेरिकन मद्य काढून टाकले, आणि अमेरिकेच्या तीन राज्यांना जाणाऱ्या विजेवर शेकडा २५ अधिभार जाहीर करून दुसऱ्या दिवशी तो स्थगितही केला. ऑक्टोबरमध्ये याच प्रांताने अमेरिकेत दाखविलेल्या एका जाहिरातीवर रुष्ट होऊन अमेरिकेच्या अध्यक्षांनी साऱ्या देशाशी चाललेली बोलणी थांबविली. एका प्रांताचा आवाज राष्ट्राला केवढ्यास पडतो, हे तेव्हा कळले.

याच संकटाने १८६७ च्या १२१ व्या कलमाचीही आठवण करून दिली. प्रांतांमध्ये जकात नव्हती खरी. परंतु परवाने, मानके आणि मद्यविक्रीचे नियम यांचे अडसर होते. क्वेबेकहून बिअर आणल्याबद्दल न्यू ब्रन्सविकच्या एका रहिवाशास दंड झाला, आणि तसा दंड करणारा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वैध ठरविला. २०२५ मध्ये हे अडसर काढण्याचे कायदे प्रथम काही प्रांतांनी व जूनमध्ये मध्यवर्ती संसदेने केले. त्यांत नोव्हा स्कोशिया आघाडीवर होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

शेजाऱ्याने जकात किती लावावी, हे कॅनडाच्या हाती कधीच नव्हते. जे हाती होते ते एवढेच: प्रत्युत्तराचा भार कोणी किती उचलावा, हे आधी आपसांत ठरविणे. जेव्हा तो भार न विचारता एकाच्या पाठीवर टाकला गेला, तेव्हा परक्याशी चाललेले भांडण घरात शिरले. फील्डिंग यांनी हा प्रश्न प्रांताच्या खिडकीतून पाहिला आणि राजधानीच्या खिडकीतूनही पाहिला. दोन्हीकडून दिसणारे दृश्य एक करण्याच्या प्रयत्नात त्यांना आपली जागा गमवावी लागली. त्यांचा तो प्रयत्न फसला, परंतु ते काम कॅनडाला टाळता आलेले नाही.