पगाराची तारीख

७ ऑगस्ट २०१७ रोजी, ऐन रक्षाबंधनाच्या दिवशी, बेस्टच्या बस मुंबईभर आगारांतच उभ्या राहिल्या. गोराईसारख्या टोकाच्या उपनगरात याचा अर्थ लगेच कळतो, कारण तिथून बोरिवली स्टेशन गाठायला बहुतेकांना बसच लागते. संपाच्या मागण्यांत बेस्टचा अर्थसंकल्प महापालिकेच्या अर्थसंकल्पात विलीन करण्याची मोठी मागणी होती. तिच्या जोडीला एक साधी मागणीही होती: पगार वेळेवर द्या. तोट्यात चाललेल्या उपक्रमात त्या वर्षी पगार लांबत होते. वेळेवर पगार मागण्यासाठी कुणाला संप करावा लागतो, याचे आश्चर्य वाटेल. पण मुंबईचा इतिहास पाहिला तर पगाराची तारीख इथे मालकाच्या चांगुलपणातून कधीच आलेली दिसत नाही. कामगारांनी ती एकत्र येऊन मागितली आणि कागदावर आणली, तेव्हाच ती पाळली गेली.

या मागणीचा पहिला ठळक पुरावा १८८४ सालचा आहे. 'दीनबंधू' या वृत्तपत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्या सप्टेंबरात परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे मांडले. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सगळ्यांना ठाऊक आहे. दुपारी अर्ध्या तासाची सुट्टी आणि जखमी कामगाराला भरपाई याही मागण्या होत्या. त्यांच्याच बरोबरीने एक कलम असे होते की, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. किती माफक मागणी होती ही! म्हणजे १ तारखेला केलेल्या कामाचे पैसे दीड महिन्याने मिळाले तरी चालतील, त्याहून उशीर नको. एवढेही मागावे लागत होते, यावरून गिरण्यांची रीत कळते.

रविवारची सुट्टी सहा वर्षांत, १० जून १८९० रोजी मिळाली. पगाराच्या तारखेला कायद्याचा आधार मिळायला मात्र १९३७ साल उजाडावे लागले. म्हणजे ५३ वर्षे. १८९१च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आली, पगाराच्या दिवसाचा उल्लेखही आला नाही. हा फरक का पडला? माझ्या मते उत्तर हिशेबात आहे. सुट्टी देण्यात मालकाचा एक दिवस जात होता, पण थकवलेल्या पगारातून त्याला दोन गोष्टी मिळत होत्या. एक म्हणजे हजारो माणसांच्या मजुरीचे बिनव्याजी भांडवल, आणि दुसरी म्हणजे कामगारावरचा ताबा. पंधरा-वीस दिवसांचे पैसे गिरणीत अडकलेले असले की दुसरीकडे चांगले काम मिळत असूनही माणूस सहज सोडून जात नाही.

मालकाला बिनव्याजी मिळणारा पैसा कामगाराला मात्र व्याजाने उभा करावा लागे. मुंबईच्या लेबर ऑफिसने १९२१-२२मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली, तेव्हा सुमारे ४७ टक्के कुटुंबे कर्जात आढळली आणि रुपयाला महिना एक आणा हा व्याजाचा नेहमीचा दर दिसला. वर्षाला ते ७५ टक्के होतात. कर्जाला लग्ने, आजारपणे, गावचा खर्च अशी कारणे होतीच. सगळा दोष उशिराच्या पगाराला देणे चुकीचे ठरेल. पण पगाराआधीचे दिवस वाण्याच्या उधारीवर काढणाऱ्या घराला असल्या दराच्या कर्जातून वर येणे किती अवघड, हे सांगायला नको.

व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही मजूर आयोगाने १९३१च्या अहवालात हा प्रश्न हाती घेतला. कामगार नेते ना. म. जोशी या आयोगाचे सदस्य होते. पुढे १९३६चा वेतन अदायगी कायदा झाला आणि २८ मार्च १९३७ पासून लागू झाला. हजाराहून कमी कामगार असतील तर ७ तारखेच्या आत, अधिक असतील तर १० तारखेच्या आत पगार द्यावा, असे त्याने ठरवले. सुरुवातीला तो कारखाने आणि रेल्वेपुरता होता. गोराईच्या मिठागरांतली आणि मासेमारी होड्यांवरची माणसे त्याच्या बाहेर राहिली. दंडही तुटपुंजा होता, उशिरासाठी भरपाई जास्तीत जास्त दहा रुपये. तरीही या कायद्यात एक कलम फार मोलाचे होते: पगार थकलेल्या अनेक कामगारांना मिळून एकच अर्ज करता येत असे. लोखंड्यांच्या सामुदायिक निवेदनाला जणू कायद्याने दिलेली मान्यताच ती.

वेळेवर पगाराच्या या आग्रहावर पहिला आक्षेप येतो तो असा: मालकाकडे पैसेच नसतील तर तो देणार कुठून? अडचणीतले धंदे असतात, हे खरे. पण उशीर माफ होण्याची जी कारणे त्या कायद्याने दिली, ती हिशेबातली प्रामाणिक चूक किंवा वाद, खरीखुरी आणीबाणी, आणि कामगाराने स्वतःच पैसे न घेणे ही. धंद्यातला तोटा त्यात नाव घेऊन घातलेला नाही, आणि ते योग्यच आहे. नफ्यात वाटा नसलेल्याने तोट्यात वाटा का उचलावा? बँकेचा हप्ता तर कुणासाठी थांबत नाही. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने गोराई-चारकोपला लहान भूखंडांच्या वसाहती उभ्या राहिल्या. कमी मिळकतीच्या माणसाने महिन्याकाठी हप्ता भरून घर उभे करावे, हीच त्यामागची कल्पना होती. पगाराला तारीख नसेल तर हे गणितच कोसळते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कायदा संथ, अर्ज करणारा एकटा पडतो, मग सरळ काम बंद का करू नये? संपाची ताकद मी नाकारत नाही. २०१७चा बेस्टचा संप दिवसभरातच आश्वासनावर मिटला, पण जानेवारी २०१९मध्ये कामगारांना पुन्हा नऊ दिवस संप करावा लागला. शिवाय नोटीस न देता दहा किंवा अधिक जणांनी एकत्र काम थांबवले, तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापण्याची मुभा त्याच वेतन कायद्याने मालकाला दिली होती. ज्याचा पगार आधीच थकला आहे त्याला हा घाव जास्त लागतो. म्हणून आधी लेखी, सामुदायिक आणि वेळेत केलेली मागणी. संप त्यानंतर, रीतसर नोटीस देऊन.

आज १९३६चा कायदा राहिलेला नाही. त्याच्या जागी आलेली २०१९ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा. नोकरी सोडली किंवा काढून टाकले, तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब पुरा करायचा. दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. आणि अर्ज कामगाराच्या वतीने संघटनाही करू शकते. जुन्या कायद्यातली पगाराची कमाल मर्यादा यात नाही. कंत्राटदारामार्फत बस चालवणाऱ्या, सफाई करणाऱ्या, पहारा देणाऱ्या माणसांना याचा आधार सर्वांत जास्त हवा आहे, कारण पगार थकला की मूळ आस्थापना कंत्राटदाराकडे बोट दाखवते आणि कंत्राटदार न मिळालेल्या बिलाकडे. त्यांनी नेमणुकीचा कागद, हजेरीची नोंद आणि बँकेचे उतारे जपून ठेवावेत. ८ तारीख उजाडली आणि पगार आला नसेल, तर सर्वांच्या सह्यांचे पत्र कंत्राटदाराला आणि मूळ आस्थापनेला त्याच दिवशी देऊन पोच घ्यावी.