ओमान

ओमान : अरबस्तान द्वीपकल्पाच्या आग्नेय टोकाचे सुलतानी राज्य. क्षेत्रफळ सु. ३,०९,५०० चौ. किमी. लोकसंख्या ४४,७१,१४८ (२०२०); २००३ च्या जनगणनेत ती २३,४०,८१५ होती. राजधानी मस्कत. वायव्येस संयुक्त अरब अमिराती, पश्चिमेस सौदी अरेबिया, नैर्ऋत्येस येमेन. उरलेल्या बाजूंस ओमानचे आखात व अरबी समुद्र. होर्मुझ सामुद्रधुनीवरचे मुसंदम हे टोक मध्ये अमिरातीचा प्रदेश आल्याने मुख्य भूमीपासून तुटलेले आहे. आखातातील तेलवाहू जहाजे या टोकाला वळसा घालून जातात आणि समोरच्या किनाऱ्यावर इराण आहे. ओमानच्या परराष्ट्र धोरणाचा निम्मा उलगडा नकाशाच्या या कोपऱ्यात होतो, उरलेला दक्षिणेतील ढोफारच्या डोंगरात.

उत्तरेस हजर पर्वताची कमान (सर्वोच्च शिखर जबेल शम्स, सु. ३,००० मी.), तिच्या पायथ्याशी बाटिना हा सुपीक किनारा, मध्यभागी ओसाड पठार, पश्चिमेस रुब अल् खालीचे वाळवंट. दक्षिणेकडील ढोफारला जून ते सप्टेंबर मॉन्सूनचा झिमझिम पाऊस मिळतो. या ‘खरीफ’ ऋतूत सलालामागचे डोंगर हिरवेगार होतात. लोबानाची झाडे याच भागातली. अंतर्भागातील शेती फलज नावाच्या पाटांवर चालते. पाण्याची वाटणी वेळेच्या मापाने होते. सुमारे अर्ध्या तासाच्या पाळीला ‘अथर’ म्हणतात. दिवसा रोवलेल्या काठीच्या सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून पाळी बदलण्याची वेळ पाहण्याची परंपरा आहे. अनेक फलज आजही वाहते आहेत.

इतिहास : इस्लाममधील सुन्नी व शिया या दोहोंहून वेगळ्या इबाडी पंथाने आठव्या शतकात येथे मूळ धरले. इमाम वंशपरंपरेने न येता निवडला जावा, हा या पंथाचा दंडक. त्यामुळे अंतर्भागात, नझवा येथे, इमामाची सत्ता आणि किनाऱ्यावर व्यापारी राजवट असे दुहेरी राजकारण शतकानुशतके चालले. १५०७ मध्ये आफोंसू द आल्बुकर्कने मस्कत जिंकले. मस्कतच्या धक्क्यावरील जलाली व मिरानी हे किल्ले पोर्तुगीज अमलाची खूण. १६५० मध्ये इमाम सुलतान बिन सैफ याने पोर्तुगीजांना हुसकावले आणि त्यांचीच जहाजे घेऊन आरमार उभारले. या आरमाराचा धाक कोकण-गुजरातपर्यंत होता : १६६८ मध्ये दीव लुटले गेले, १६७४ मध्ये मस्कतच्या अरबांनी वसईच्या कोटाबाहेरची चर्चे लुटली आणि किल्ल्यातील शिबंदी बाहेर पडली नाही. १६९८ मध्ये पूर्व आफ्रिकेतील मोंबासाचा फोर्ट जीझसही पडला.

अठराव्या शतकाच्या मध्यास इराणी फौजांना घालवून अहमद बिन सईद इमाम झाला. त्याचे अल् बु सईद घराणे आजही गादीवर आहे. अरब जगात इतकी दीर्घ राजवट विरळाच. १७९८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीशी कौलनामा झाला. नेपोलियन ईजिप्तमध्ये उतरला होता आणि फ्रेंचांना मस्कतचे बंदर मिळू नये अशी इंग्रजांची इच्छा होती. लहान राज्याने मोठ्या आरमाराची पाठराखण मिळवावी आणि घरचा कारभार आपल्याकडे ठेवावा, ही रीत तेव्हापासूनची. सईद बिन सुलतान (मृ. १८५६) याने झांझिबार ही दुसरी राजधानी केली, १८३३ मध्ये अमेरिकेशी तह केला आणि १८४० मध्ये ‘सुलताना’ हे जहाज न्यूयॉर्कला पाठवले. मुंबईच्या गोदीत बांधलेले (१८२६) ‘लिव्हरपूल’ हे लढाऊ जहाज त्याने १८३६ मध्ये इंग्लंडच्या राजाला नजर केले. त्याच्या मुलांमधील वारसातंटा गव्हर्नर जनरल कॅनिंगने १८६१ मध्ये मिटवला : झांझिबार वेगळे झाले व त्याने मस्कतला दरसाल ४०,००० क्राउन द्यावेत असे ठरले. मस्कतचा खजिना यानंतर दीर्घकाळ सावरला नाही. १९२० च्या सीब करारान्वये अंतर्भाग इमामाकडे राहिला, सुलतान तैमूर बिन फैसल याने १९३२ मध्ये गादी सोडली (मृ. मुंबई, १९६५). त्याचा मुलगा सईद बिन तैमूर अजमेरच्या मेयो कॉलेजात शिकला होता. १९५७–५९ च्या जबेल अखदर युद्धात ब्रिटिश सैन्याच्या साहाय्याने त्याने इमामतीचे बंड मोडले. ओमानच्या ताब्यातील ग्वादर बंदर १९५८ मध्ये पाकिस्तानला विकले.

सईदची काटकसर कर्ज टाळण्यासाठी होती, पण तिने प्रजेला जखडून टाकले. १९७० पर्यंत देशात तीन शाळा व सुमारे १० किमी. डांबरी रस्ता होता. मस्कतच्या वेशी रात्री बंद होत, त्यानंतर गल्लीतून जाणाऱ्याला हातात कंदील धरावा लागे. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी ढोफारमध्ये उठाव झाला. दक्षिण येमेन, चीन व सोव्हिएट संघाच्या मदतीमुळे तो मार्क्सवादी युद्धात बदलला. २३ जुलै १९७० रोजी पुत्र काबूसने ब्रिटिशांच्या संमतीने पित्याला पदच्युत केले. ब्रिटिश अधिकारी, शहाच्या इराणचे सैन्य व जॉर्डनची मदत यांच्या बळावर १९७५ अखेर युद्ध संपले. निर्णायक ठरली ती मात्र क्षमा. शरण आलेल्या बंडखोरांच्या ‘फिरका’ नावाच्या तुकड्या पगारावर उभारल्या, डोंगरात विहिरी, दवाखाने व शाळा आल्या. १९९७ ते २०२० परराष्ट्र खाते सांभाळणारे यूसुफ बिन अलवी हे एके काळी ढोफार मुक्ती आघाडीचे कैरोतील प्रतिनिधी होते. घरातला असंतोष बाहेरच्यांना वाट करून देतो आणि कालचा शत्रू उद्या कामी येतो, हे दोन्ही धडे काबूसने शेवटपर्यंत पाळले.

परराष्ट्र संबंध : ईजिप्त-इझ्राएल यांच्या कँप डेव्हिड करारानंतर बहुतेक अरब देशांनी ईजिप्तशी संबंध तोडले, ओमानने तोडले नाहीत. १९८० मध्ये अमेरिकेला तळ वापरण्याची सवलत दिली, १९८१ मध्ये आखाती सहकार परिषदेच्या स्थापनेत भाग घेतला, तरी इराण-इराक युद्धात दोघांशी बोलणे चालू ठेवले. २०११ च्या अरब उठावांत सोहार येथील चौकात तरुण नोकऱ्यांसाठी ठाण मांडून बसले. गोळीबारात जीवितहानी झाली. काबूसने अनेक जुने मंत्री काढले, ५०,००० नोकऱ्या जाहीर केल्या, संसदेचे अधिकार वाढवले. त्याचबरोबर टीकाकारांवर खटलेही झाले. या राज्याची शांतता सांगताना ते वगळता येणार नाहीत. आखाती परिषदेने ओमान व बहारीनसाठी मिळून दहा वर्षांत २,००० कोटी डॉलर देऊ केले. हे साह्य स्वीकारूनही सौदीने मांडलेला आखाती संघराज्याचा प्रस्ताव ओमानने २०१३ मध्ये जाहीरपणे नाकारला. त्याच सुमारास अमेरिका व इराण यांची गुप्त बोलणी मस्कतमध्ये चालू होती. २०१५ च्या अणुकराराचा पाया तेथे घातला गेला. येमेन युद्धात (२०१५) परिषदेतील हा एकटाच देश सौदी आघाडीत गेला नाही. कतारच्या नाकेबंदीत (२०१७) कतारचा माल सोहार व सलाला बंदरांतून गेला. शांततेचे वजन सैन्याने मोजणाऱ्यांनी ही नोंद विशेष लक्षात घ्यावी. मे २०२५ मध्ये अमेरिका व येमेनमधील हूथी यांच्यातील शस्त्रसंधी ओमानने जुळवली. ओमानच्या मध्यस्थीने एप्रिलपासून चाललेली अमेरिका-इराण चर्चा मात्र जूनमध्ये इझ्राएलच्या हल्ल्याने थांबली.

राज्यव्यवस्था : पहिला मूलभूत कायदा १९९६ चा. सल्लागार सभा निवडलेली, राज्य परिषद नियुक्त. राजकीय पक्ष नाहीत. काबूस निपुत्रिक होता. त्याच्या निधनानंतर राजघराण्याने तीन दिवसांत वारस निवडावा, एकमत न झाल्यास सुलतानाने मागे ठेवलेले बंद पत्र उघडावे, अशी तरतूद होती. १० जानेवारी २०२० रोजी काबूसचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी घराण्याने स्वतः निवड न करता पत्रच उघडायला सांगितले. दूरदर्शनसमोर ते फोडले गेले, आत चुलतभाऊ हैथम बिन तारिक यांचे नाव होते. २०२१ च्या नव्या मूलभूत कायद्याने युवराजपद निर्माण केले. थियाझिन बिन हैथम युवराज.

आर्थिक : तेल निर्यात १९६७ पासून, उत्पादन रोज सु. १० लाख पिंपे (२०१६). ‘ओपेक’चा सदस्य नाही. नैसर्गिक वायू, खजूर, मासेमारी. सूर येथील भारत-ओमान खत कारखान्यातून भारताला युरिया. मूल्यवर्धित कर ५% (२०२१). चलन रियाल, १९७० पूर्वी भारताने काढलेला आखाती रुपया चाले.

लोक : इबाडी, सुन्नी व शिया एकाच मशिदीत नमाज पढताना दिसतात. कच्छी भाटिया व्यापारी मस्कतमध्ये पिढ्यान्‌पिढ्या आहेत. खिमजी रामदास ही पेढी १८७० ची. कनकसी खिमजी यांना सुलतानाने ‘शेख’ हा किताब दिला. जुन्या मस्कतमध्ये मोतीश्वर महादेवाचे देऊळ आहे. दुक्म बंदराच्या वापराबाबत भारताशी २०१८ मध्ये करार झाला.

प्रेक्षणीय स्थळे : बहलाचा मातीचा किल्ला (जागतिक वारसा, १९८७), बातची प्रागैतिहासिक थडगी, लोबानभूमी, पाच फलज (२००६), कल्हात (२०१८). अरबी ओरिक्स अभयारण्य २००७ मध्ये या यादीतून वगळले गेले. यादीतून काढलेले ते पहिलेच स्थळ. नझवाचा वर्तुळाकार बुरूज, मुत्राची बाजारपेठ व मस्कतची सुलतान काबूस मशीद (२००१) पाहण्यासारखी.