झिप फाइलचे हेडर : त्यातील रकाने आणि मराठी नावे

जुन्या स्मरणिका, कार्यक्रमपत्रिका, छायाचित्रे स्कॅन करून सभासद मंडळाकडे पाठवतात, ती बहुधा एकाच झिप फाइलमध्ये. ती उघडली की कधी मराठी नावांच्या जागी अगम्य चिन्हे दिसतात. छायाचित्र कोणाचे, हे सांगणारे नावच गेले तर उरते ते निनावी चित्र. याचे कारण झिपच्या हेडरमध्ये सापडते.

झिप हा प्रकार फिल कॅट्झ यांच्या पीकेवेअर कंपनीने १९८९ मध्ये आणला. आत ठेवलेल्या प्रत्येक फाइलच्या आधी तिचे स्वतंत्र हेडर असते. त्याचा ठरावीक भाग ३० बाइटांचा असून त्यामागोमाग फाइलचे नाव येते.

पहिले चार बाइट ही ओळखखूण : ८०, ७५, ३, ४. त्यांतले पहिले दोन म्हणजे रोमन 'पी' आणि 'के', कॅट्झ यांची आद्याक्षरे. पुढच्या दोन बाइटांत, फाइल उघडायला झिपची किमान कोणती आवृत्ती लागेल ते असते. मग दोन बाइटांचा फ्लॅग. त्यातले सोळा बिट शून्यापासून मोजतात. शून्यावा बिट पासवर्ड असल्याचे सांगतो (साध्या पासवर्डने मजकूर झाकला जातो, नावे मात्र उघडीच राहतात). अकरावा बिट आपल्या कामाचा : तो १ असेल तर नाव यूटीएफ-८ मध्ये आहे असे समजायचे. ही सोय २००६ साली आली. बिट ० असेल तर नियमाप्रमाणे नाव ४३७ क्रमांकाच्या जुन्या वर्णसारणीने वाचले जाते, आणि तीत देवनागरी नाही.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'स्मरणिका' या शब्दात जोडाक्षर, काना, वेलांटी सुटी मोजून आठ चिन्हे, म्हणजे २४ बाइट. जुन्या सारणीत त्यांची २४ वेगळी चिन्हे दिसतात आणि दर तिसऱ्या जागी ग्रीक अल्फा येतो. असा अल्फा दिसला तर घाबरू नये, मूळ बाइट शाबूत आहेत. नावाची वर्णसारणी निवडू देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये यूटीएफ-८ निवडा. प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर मात्र नाव बहुधा झिप करतानाच गेलेले असते. पाठवणाऱ्याकडेच पुन्हा मागावे लागते.

फ्लॅगनंतर संकोचनाची पद्धत (० म्हणजे जशीच्या तशी, ८ म्हणजे डिफ्लेट), मग वेळ आणि तारीख. तारखेचे वर्ष १९८० पासून मोजतात. त्यामुळे १९६२ च्या गणेशोत्सवाच्या छायाचित्रावर फार तर स्कॅनची किंवा शेवटच्या बदलाची तारीख पडते. खरे वर्ष नावातच लिहा.

पुढे सीआरसी-३२ हा पडताळा, संकोचित आणि मूळ आकार, आणि शेवटी नावाची व जादा माहितीची लांबी. आकाराचे रकाने चार-चार बाइटांचे, म्हणून ४ जीबीच्या पुढे झिप-६४ लागते.

सगळ्या फाइलींची एकत्र यादी झिपच्या शेवटी असते. डाउनलोड अर्धवट तुटला की तीच हरवते आणि 'फाइल खराब आहे' असा संदेश येतो. पण प्रत्येक फाइलचे हेडर वेगळे असल्याने दुरुस्तीचे प्रोग्रॅम ८०, ७५, ३, ४ ही खूण शोधत पूर्ण उतरलेल्या फाइली बहुधा सोडवून देतात. तुटलेली झिप म्हणून लगेच पुसू नये.