गवत गेलं त्या वाटेनं मुंबई

भाताची झोडणी आटोपली, हातात चार पैसे आले, की आपल्या बचत गटांमध्ये एक विषय हमखास निघतो. यंदा सहल कुठं? कुणी शिर्डी म्हणतं, कुणी वणीची देवी म्हणतं, आणि एखादी सून हळूच म्हणते, मुंबई दाखवा ना. मग एखादी म्हातारी फणकारते, मुंबईत काय बघायचंय, गर्दी?

मुंबईत काय बघायचं तेच आज सांगणार आहे. पण डहाणू-तलासरीच्या बाईनं काय बघायचं, ते. मुंबईच्या माहितीच्या पुस्तकांमध्ये समुद्र असतो, मोठे बंगले असतात, नटांची घरं असतात. ते बघायला माझी ना नाही. पण आपलं मुंबईशी जुनं नातं आहे आणि ते त्या पुस्तकात नसतं. आपण बाया मुंबई बघायला निघालो त्याच्या कितीतरी आधी आपल्या रानातलं गवत, लाकूड आणि कोळसा तिथं जाऊन पोचलाय.

आधी वाट बघू. डहाणू रोडवरून जाणारा रेल्वेचा मार्ग १८६४ साली मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत पुरा झाला. गंमत अशी की हे काम मुंबईकडून आपल्याकडे आलं नाही, ते गुजरातकडून सुरू होऊन मुंबईकडे गेलं. म्हणजे रूळ आपल्या दारातून मुंबईत शिरले. १८६७ मध्ये विरारहून मुंबईला रोजची गाडी सुरू झाली. विरारच्या पुढची लोकल आपल्या डहाणूपर्यंत यायला मात्र १६ एप्रिल २०१३ उजाडावं लागलं. मधली जवळजवळ दीडशे वर्षं आपण पॅसेंजर आणि शटलवर काढली. भाजीच्या पाट्या, मासळीच्या टोपल्या, चिकूच्या करंड्या घेऊन बायांनी याच रुळांवरून किती फेऱ्या मारल्या असतील, त्याची नोंद कुठल्या वहीत नाही.

आता लोकलमध्ये खिडकी मिळाली तर शेवटची स्टेशनं नीट वाचा. महालक्ष्मी येईल. आपल्या विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची आठवण होईलच, हात जोडा. पुढं ग्रँट रोड, तो एका इंग्रज गव्हर्नराच्या नावाचा. आणि त्याच्या पुढं चर्नी रोड. हे नाव आपलं आहे बरं का. चर्नी म्हणजे चरणी, गुरं चरायची जागा. असं सांगतात की १८३८ च्या सुमारास इंग्रज सरकारनं मुंबईत गुरं चारण्यावर पैसे लावले. गरिबांना ते परवडेनात. तेव्हा जमशेटजी जीजीभाई या पारशी शेठनं स्वतःच्या पैशानं तिथली कुरणाची जागा घेऊन गुरांना मोकळी करून दिली. या नावाची दुसरीही एक गोष्ट सांगतात, ठाण्याच्या चेंदणीहून आलेल्या लोकांवरून नाव पडलं म्हणून. मला पहिली जास्त आवडते. ते राहू द्या. मुद्दा असा की मुंबईला गवत लागत होतं, आणि शहर वाढलं तसं शहरात गवत उरलं नाही.

विचार करा, मोटार नव्हती तेव्हा सगळं शहर घोड्याबैलांवर चालायचं. ९ मे १८७४ ला मुंबईत ट्राम सुरू झाली, ती घोडे ओढायचे. त्या ट्राम कंपनीच्या पागेत पुढं ९०० घोडे झाले होते. ही झाली एक कंपनी. शिवाय शेठलोकांच्या बग्ग्या, व्हिक्टोरिया गाड्या, मालाच्या बैलगाड्या, पलटणीचे घोडे. आणि दुधाचे तबेले! मुंबईच्या म्हशी तेव्हा शहरातच असायच्या, १९४९ नंतर आरे वसाहत उभी राहू लागली तेव्हा त्या बाहेर निघू लागल्या. एवढ्या तोंडांना रोजचा चारा कुठून येणार? ठाणे जिल्ह्यातून. शिवडीच्या बाजूला आजही ‘हे बंदर’ नावाचा रस्ता आहे. ‘हे’ म्हणजे इंग्रजीत वाळलेलं गवत. तिथं बघण्यासारखं काही नाही, गोदामं आहेत, सहल तिकडं नेऊ नका. पण नाव लक्षात ठेवा.

आता त्या गवताची आपल्याकडची बाजू. डहाणू आणि तेव्हाचा उंबरगाव तालुका, इथं मैलोन् मैल गवताची कुरणं जमीनदारांच्या ताब्यात होती. पावसाळा सरला की वारली बाया-बाप्ये विळे घेऊन कापणीला जात. गवताच्या गासड्या मुंबईला जात, पैसा जमीनदाराच्या घरी जाई. कापणाऱ्याच्या वाट्याला काय? वेठ आणि जुनं कर्ज. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले की तो माणूस ‘लग्नगडी’ व्हायचा, आणि त्याच्याबरोबर त्याची बायकोही राबायची. कर्ज काढलं त्यानं, फेडायचं दोघांनी, आणि ते फिटायचं मात्र नाही.

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं. तिथं आपल्याकडचे काही वारली गेले होते. मग शामराव आणि गोदावरी परुळेकर आपल्या भागात आले. गोदावरीबाई पुण्याच्या, वकिलीचं शिक्षण घेतलेल्या. पाड्यापाड्यांत चालत फिरल्या, नाचणीची भाकर खाल्ली, झोपडीत झोपल्या. लोक त्यांना गोदाराणी म्हणू लागले. २३ मे १९४५ ला झरी गावात मोठी सभा झाली, हजारो माणसं जमली. यापुढं वेठ करायची नाही, असं तिथं ठरलं. तलासरीच्या बायांना झरी काही मी सांगायला नको.

आणि मग आला गवताचा हंगाम. त्या सालच्या ऑक्टोबरात मागणी झाली, पाचशे रत्तल गवत कापायला अडीच रुपये. रत्तल म्हणजे जवळजवळ अर्धा किलो, तेव्हा हिशेब करा, सव्वादोनशे किलोच्या वर गवत झालं. तेवढं कापायचं तर कंबर किती वेळा वाकते हे तुम्हाला माहीत आहे. जमीनदारांनी नाही म्हटलं. विळे थांबले. ऐन हंगामात गवत उभं राहिलं. अशातच गोदाराणीच्या जिवाला धोका आहे अशी खोटी बातमी पसरवली गेली, माणसं तलवाड्याला जमली, आणि पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण गेले. पण संप मोडला नाही, दर मिळाला. त्या दिवसांची हकीकत गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे. त्याला साहित्य अकादमीचं पारितोषिक मिळालं. गटात एकीला वाचता येत असेल तर तिनं बाकीच्यांना वाचून दाखवावं असं ते पुस्तक आहे, सहलीच्या आधीच.

म्हणून म्हणते, चर्नी रोड स्टेशनातून गाडी सुटेल तेव्हा एकदा मनात आणा, की या शहराच्या घोड्या-म्हशींचं पोट आपल्या आज्यांच्या विळ्यानं भरलंय.

चर्चगेटला उतरलात की गाडी-टॅक्सी काही करू नका. पुढची सगळी ठिकाणं पायी होतात, आणि आपल्याला चालायचं कोण शिकवणार! सरळ फोर्टकडं निघालं की दहा-पंधरा मिनिटांत हुतात्मा चौक येतो. मधोमध एक जुनं दगडी कारंजं आहे, फ्लोरा फाउंटन, तेही १८६४ चं, म्हणजे आपल्या रेल्वेच्याच वयाचं. लोक त्याचे फोटो काढतात. तुम्ही त्याच्या शेजारचं स्मारक बघा. शेतकरी आणि कामगार, दोघांनी मिळून मशाल धरली आहे.

डहाणू-तलासरीच्या बाईनं इथं थांबलंच पाहिजे. १९५५ च्या नोव्हेंबरात मुंबईसह मराठी राज्य मागणारे लोक या चौकात जमले होते, २१ तारखेला गोळीबार झाला. पुढच्या महिन्यांत आणि वर्षांत मिळून शंभरावर माणसं गेली. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. त्याच दिवशी आपल्याकडं काय झालं? उंबरगाव तालुक्याचा बराच भाग गुजरातमध्ये गेला, आणि इकडं राहिलेल्या गावांचा पुढं तलासरी झाला. म्हणजे एकाच गावकीतली, एकाच गोतातली माणसं दोन राज्यांत वाटली गेली. आजही तलासरीच्या कितीतरी घरांत सून पलीकडची आहे, तिचे कागद गुजरातीत आणि नवऱ्याचे मराठीत. जातीचा दाखला काढायला गेलं की ही रेघ किती खोल आहे ते कळतं. मुंबईकरांना हा चौक म्हणजे मुंबई मिळाल्याची आठवण. आपल्याला तो सीमेची आठवण आहे. दोन्ही खरं.

तिथून पुढं काळा घोडा. जहांगीर आर्ट गॅलरी, १९५२ ची इमारत. आत जायला पैसे लागत नाहीत. दारात काचा-बिचा बघून बिचकू नका, सरळ आत जा, चित्रं लावलेली असतात ती बघायलाच. याच इमारतीत वरच्या मजल्यावर तेव्हा ‘केमोल्ड’ नावाची गॅलरी होती. तिथं १९७५ साली आपल्या गंजाडच्या कलंबीपाड्यातल्या जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांचं प्रदर्शन झालं. त्याच्या थोडं आधी भास्कर कुलकर्णी आपल्या पाड्यांत कागद आणि रंग घेऊन आले होते. म्हसेंनी पुढं जगभर नाव काढलं, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. मोठा माणूस. त्यांच्यामुळं वारली म्हटल्यावर जगाला काहीतरी समजतं.

पण त्या इमारतीत उभं राहून एक गोष्ट बोलायची राहता कामा नये. भिंतीवर चौक कुणी लिहायचा? सवाशिणींनी. लग्नघरात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं बाया चौक लिहीत, मधे पालघट देवी, आणि धवलेरी गाणं म्हणत असे तेव्हा देव त्यात येई. ती भिंत पुढच्या पावसाळ्यात पुसली जाई. भिंत विकता येत नाही, कागद विकता येतो. कागद आला तसे कितीतरी बाप्ये चितारी झाले, आणि बाया बऱ्याच घरांत रंग भरायला मागं राहिल्या, सही दुसऱ्याची. काही जणींनी स्वतःची सही करायला सुरुवात केली आहे, आपल्या गटांतही आहेत तशा. मुंबईच्या दुकानांत कपांवर, पिशव्यांवर, साड्यांवर वारली बायका नाचताना दिसतील. किंमत विचारा. घेऊ नका, फक्त विचारा, आणि आपल्याला एका पिशवीमागं काय मिळतं ते आठवा. पुढच्या वेळी व्यापारी आला की बोलायला उपयोगी पडेल.

जहांगीरच्या शेजारीच मोठ्या घुमटाचं म्युझियम आहे, आता त्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतात. पहिल्या महायुद्धात तिथं जखमी शिपायांचा दवाखाना होता, म्युझियम म्हणून ते १९२२ ला उघडलं. तिकीट आहे, आणि नीट बघायला अर्धा दिवस लागतो, म्हणून एका दिवसाची सहल असेल तर बाहेरूनच बघा. तिथून गेटवे ऑफ इंडिया जवळ. राजाच्या स्वागताची आठवण म्हणून इंग्रजांनी बांधलेली कमान, १९२४ ला पुरी झाली, आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला त्यांचीच शेवटची पलटण त्याच कमानीखालून बोटीकडं गेली. डबे इथं सोडा. कबुतरांना घालू नका, पोलीस ओरडतात.

पोरंबाळं बरोबर असतील तर दुसरी सहल वेगळी करा, भायखळ्याच्या राणीबागेची. १८६२ ची बाग. दादरला उतरून मध्य रेल्वेची गाडी धरायची. पोरं पेंग्विनकडं पळतील, पळू द्या. तुम्ही झाडं बघा, इतकी जुनी झाडं मुंबईत दुसरीकडं सहसा दिसत नाहीत. बागेच्या शेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ चं. आत जुन्या मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या, कारागिरांच्या मातीच्या छोट्या मूर्ती आहेत. लुगडी कशी नेसली आहेत, दागिने काय घातलेत, ते आपल्या म्हाताऱ्यांना दाखवा, त्या बरोबर चुका काढतील. बाहेर घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती आहे. इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले होते, उचलताना फुटला म्हणून राहिला.

आता जाण्याचं. बुधवारी राणीबाग आणि ते संग्रहालय बंद असतं, तो वार टाळा. थेट डहाणूच्या लोकल मोजक्या आहेत, वेळ आदल्या दिवशी स्टेशनवर विचारून कागदावर लिहून घ्या, नाहीतर विरारला बदलावी लागेल. प्रत्येकीच्या ओढणीत किंवा पदराच्या गाठीत गटाच्या अध्यक्षिणीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या. कुणी चुकलीच तर तिनं जागा सोडायची नाही, आपण परत तिच्याकडं यायचं. आणि परतीला दादरला चढायचा हट्ट नको. संध्याकाळी दादरला डब्यात पाय ठेवायला जागा नसते. थोडं मागं जाऊन चर्चगेटहूनच बसा, म्हणजे म्हाताऱ्यांना बसायला मिळेल.