प्रेषितीय परंपरा आणि दीक्षित पदे

बिशप, धर्मगुरू आणि डीकन ही ख्रिस्ती धर्मसभेतली तीन पदे दीक्षेने मिळतात. दीक्षा देण्याचा अधिकार येशूच्या प्रेषितांपासून एका बिशपाकडून पुढच्या बिशपाकडे अखंड चालत आला आहे, या धारणेला प्रेषितीय परंपरा म्हणतात. रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, सिरियन आणि अँग्लिकन चर्च ती मानतात. बहुतेक प्रॉटेस्टंट पंथांना या अर्थाने ती मान्य नाही.

पदांची मूळ ग्रीक नावे साधी आहेत. एपिस्कोपोस म्हणजे देखरेख करणारा, प्रेस्बिटेरोस म्हणजे वडील, डायाकोनोस म्हणजे सेवक. मराठी बायबलातही अध्यक्ष, वडील आणि सेवक हेच शब्द येतात. आरंभी पहिल्या दोन पदांतली सीमा पुसट होती. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात पौल इफिसच्या वडिलांना बोलावून घेतो आणि बोलता बोलता त्यांनाच अध्यक्ष म्हणतो.

इ.स. ९६च्या सुमारास करिंथच्या मंडळीने आपल्या काही वडिलांना पदावरून दूर केले. त्यावर रोमच्या मंडळीने तिला एक लांबलचक पत्र धाडले. ते रोमच्या क्लेमेंटच्या नावाने ओळखले जाते. प्रेषितांनी माणसे नेमली आणि ती गेल्यावर पारखलेल्या दुसऱ्या माणसांनी त्यांची जागा घ्यावी अशी तजवीजही केली. तेव्हा नीट सेवा करणाऱ्यांना काढणे अन्याय आहे, असे त्यात म्हटले आहे. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याला कैद करून रोमला नेत होते. त्याने वाटेत लिहिलेल्या पत्रांत एक बिशप, त्याच्याभोवती वडीलमंडळ आणि सोबत डीकन, अशी तीनपदरी रचना स्पष्ट दिसते. इ.स. १८०च्या सुमारास ल्योंचा बिशप आयरेनियस याने लायनसपासून एल्युथेरियसपर्यंत रोमच्या बिशपांची यादीच दिली. प्रेषितांची गुप्त शिकवण आपल्याकडे आहे असे सांगणाऱ्या ज्ञानवाद्यांना हे त्याचे उत्तर होते. त्याला सिद्ध करायचा होता तो शिकवणीचा खरेपणा. दीक्षा देताना कोणाचा हात कोणाच्या डोक्यावर होता, हा हिशेब पुढच्या काळात मोठा झाला.

३२५ सालच्या नायसियाच्या परिषदेने नियम घातला की नव्या बिशपाला प्रांतातल्या सगळ्या बिशपांनी, निदान तिघांनी, बाकीच्यांची लेखी संमती घेऊन दीक्षा द्यावी. एखादा दुवा कच्चा निघाला तरी साखळी तुटू नये, अशी सोय यातून आपोआप झाली. कागदावर मात्र साखळी फार मागे जात नाही. आजच्या दहांपैकी नऊहून अधिक कॅथलिक बिशपांची परंपरा सोळाव्या शतकातल्या स्किपिओने रेबिबा या कार्डिनलपाशी येऊन थांबते. रेबिबांना कोणी दीक्षा दिली, याची नोंद सापडलेली नाही.

विधी पाहिला की धारणा कळते. कॅथलिक गुरुदीक्षेत उमेदवार वेदीसमोर पालथा पडून राहतो आणि सभा संतांची नावे घेत प्रार्थना करते. मग तो उठून गुडघे टेकतो. बिशप त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवतो, आणि त्या क्षणी कोणी एक शब्द बोलत नाही. पाठोपाठ हजर असलेले धर्मगुरू एकेक करून तेच करतात. नंतर नव्या गुरूच्या तळहातांना पवित्र तेल लावतात. बिशपाच्या दीक्षेत प्रार्थना चालू असताना दोन डीकन शुभवर्तमानाचे पुस्तक उघडून त्याच्या डोक्यावर धरतात.

हात कोणाचा, या प्रश्नावर युरोपातही मतभेद झाले. १५४२ मध्ये मार्टिन लूथर यांनी स्वतः बिशप नसताना निकोलाउस फॉन आम्सडॉर्फ यांना नाउम्बुर्गचे बिशप केले. इंग्लंडमध्ये कँटरबरीचे आर्चबिशप मॅथ्यू पार्कर यांना १७ डिसेंबर १५५९ रोजी चार बिशपांनी दीक्षा दिली. तरीही १८९६ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी अँग्लिकन दीक्षा सर्वस्वी रद्दबातल ठरवल्या. विधीचे शब्द आणि त्यामागचा हेतू यांत दोष आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मराठी वाचकांना परिचित असलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची दीक्षा अमेरिकन मराठी मिशनमधली, म्हणजे बिशप हे पदच नसलेल्या परंपरेतली होती.

भारतात हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने उभा राहिला तो केरळात. ३ जानेवारी १६५३ रोजी मट्टांचेरी इथे प्रेषित थॉमसचा वारसा सांगणाऱ्या थॉमस ख्रिस्ती लोकांनी पोर्तुगीज जेझुइटांची सत्ता नाकारण्याची शपथ घेतली. पश्चिम आशियातून आलेल्या अहतल्ला या बिशपाला पोर्तुगीजांनी पकडून गोव्याकडे रवाना केले होते, त्याचा हा संताप होता. मे महिन्यात आलंगाड इथे बारा धर्मगुरूंनी आर्चडीकन थोमा यांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांना बिशप घोषित केले. बारांत एकही बिशप नव्हता. हीच उणीव त्यांना भोवली. १६६३ मध्ये रोमने थोमांचेच नातलग परंबिल चांडी यांना रीतसर बिशप केले आणि बहुसंख्य लोक तिकडे वळले. १६६५ मध्ये जेरुसलेमचे सिरियन बिशप ग्रेगोरिओस अब्दुल जलील मलबारात पोहोचले. त्यांच्या येण्याने थोमांच्या पक्षाचा अंत्युखियाच्या परंपरेशी संबंध जोडला गेला. आपल्या धर्मसभेची सूत्रे आपल्या हाती हवीत, ही त्या लोकांची मागणी न्याय्यच होती. तरी ती पुरी व्हायला समुद्रापलीकडून बिशप यावा लागला.

तीच अंत्युखियाची परंपरा पुढे गोव्यात आली. वेर्ण्याचे कॅथलिक धर्मगुरू आंतोनियु फ्रान्सिस्कु शाव्हियेर आल्वारिस यांना १८८९ मध्ये थोमांच्या पक्षातून उभ्या राहिलेल्या मलंकरा सिरियन चर्चने मार ज्युलियस या नावाने बिशपपदाची दीक्षा दिली. १८९२ मध्ये कोलंबोत त्यांनी दोन मलंकरा बिशपांसह अमेरिकेतले धर्मगुरू रेने व्हिलात यांना दीक्षा दिली आणि व्हिलात यांच्यामार्फत ही साखळी अमेरिकेतल्या अनेक लहान स्वतंत्र पंथांत पोहोचली. गोव्यात मात्र आल्वारिस यांना अटक झाली आणि त्यांच्या अंगावरची बिशपाची वस्त्रे उतरवण्यात आली. साथीच्या रुग्णांची सेवा करणारा हा माणूस १९२३ मध्ये रायबंदर इथे वारला.

विसाव्या शतकात भारतातल्या प्रॉटेस्टंटांनी या गाठीवर दोन उपाय काढले. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासमध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले. त्या दिवशी नऊ नवे बिशप झाले. प्रेस्बिटेरियन लेस्ली न्यूबिगिन त्यांपैकी एक. पुढच्या सगळ्या दीक्षा बिशपांच्या हातून होणार होत्या, पण आधीच्या पाळकांना पुन्हा दीक्षा घ्यायला लावली नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने दुसरा मार्ग धरला. एकत्र येणाऱ्या सहा चर्चच्या प्रतिनिधींनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवले. बिशपांची परंपरा सांगणारे अँग्लिकन आणि ती न मानणारे बॅप्टिस्ट व ब्रेदरन, दोघांनीही एकमेकांसमोर गुडघे टेकले. कोणाला पूर्वी दीक्षा नव्हती आणि आता मिळाली, असा निवाडा तिथे कोणी केला नाही.