एकशृंग पशु : एका साक्षीची छाननी

एकशृंग अश्व पृथ्वीवर केव्हां तरी होता कीं नव्हता, हा प्रश्न पुष्कळांस पोरकट वाटेल. परंतु युरोपांतील विद्वान् शतकानुशतकें ज्या प्राण्यास खरा मानीत आले, त्याविषयींची मूळ साक्ष हिंदुस्थानासंबंधाची आहे; म्हणून तिची छाननी आपणांस टाळतां येत नाहीं.

ही साक्ष क्टेसियस नांवाच्या ग्रीक वैद्याची. इ. स. पू. ४०० च्या सुमारास तो इराणचा बादशहा दुसरा अर्तझर्क्सीस याच्या पदरीं होता. त्याचा हिंदुस्थानविषयक ग्रंथ नष्ट झाला. मुख्यतः नवव्या शतकांत फोटियसनें केलेला संक्षेप उरला आहे. म्हणजे हातीं आहे तें मूळ नव्हे, सुमारें तेराशें वर्षांनंतरचें टिपण. याचा अर्थ पोथ्या हाताळणारांस सांगणें नलगे. त्यांत म्हटलें आहे कीं, हिंदुस्थानांत घोड्याएवढीं रानगाढवें आहेत. अंग पांढरें, डोकें तांबडें, डोळे निळे, कपाळावर सुमारें हातभर लांब एकच शिंग. त्या शिंगाच्या पेल्यांतून पिणारास विष बाधत नाहीं.

क्टेसियस हिंदुस्थानांत आल्याचा पुरावा नाहीं. तथापि त्यास थापाड्या म्हणून मोकळें होणें प्रस्तुत लेखकास पटत नाहीं. या पशूच्या घोट्याचें हाड आपण स्वतः पाहिलें व तें बैलाच्या हाडासारखें होतें, असें तो सांगतो. शिंगाचे पेले तर गेंड्याचेच. बाबरानें आत्मचरित्रांत अशा शिंगाच्या पानपात्राचा उल्लेख केला आहे. आणि मौज अशी कीं, गेंडा हत्तीपेक्षां घोड्यासच अधिक जवळचा, असें तोहि म्हणतो! तेव्हां गेंड्याचें शिंग आणि रानगाढवाचा रंग व वेग यांची ऐकीव माहितींत सरमिसळ झाली असावी. (अमरकोशांत 'खड्ग' हा गेंड्याचा पर्याय आहे, आणि मनुस्मृतीच्या श्राद्धप्रकरणांतील खड्गमांस तें हेंच. याद्या करतांना तरवारीकडे धांव घेऊं नये.) दख्खनलाहि हा प्राणी अपरिचित नव्हता, १९७४ सालीं प्रवरेकांठीं दायमाबाद येथें त्याची चाकांवरील धातुमूर्ति सांपडली.

युरोपांतील राजांच्या खजिन्यांतील 'एकशृंगाचीं शिंगें' नार्व्हाल या समुद्रप्राण्याचे दांत होत, हें ओले वुर्म यानें १६३८ सालीं दाखविलें. दुभंगलेल्या खुरांच्या पशूस कपाळाच्या मध्यावर शिंग येणें अशक्य, हें क्युव्हिएचें मत मात्र टिकलें नाहीं. १९३३ सालीं अमेरिकेंत डोव्ह यानें एका वासराचे शिंगांचे अंकुर मध्यावर आणून बसविले, व त्यास एकच शिंग आलें. अर्थात् तें मनुष्यानें घडविलेलें.

याहून बिकट प्रश्न सिंधुकांठचा. मोहेंजोदडो व हडप्पा येथील मुद्रांवर एकशिंगी पशु इतर सर्व प्राण्यांहून अधिक आढळतो. बाजूनें काढल्यामुळें एक शिंग दुसऱ्यामागें लपलें, असा तर्क केला जातो. पण त्याच मुद्रांवरील वशिंडाच्या बैलास दोन्ही शिंगें स्पष्ट दाखविलीं आहेत. गेंडा निराळा कोरला आहे. आणि चन्हुदडो येथें तर मातीच्या एकशिंगी मूर्ती निघाल्या, ज्यांत दुसरें शिंग लपण्यास जागाच नाहीं. सबब कारागिरास एकच शिंग अभिप्रेत होतें, हें मान्य केलें पाहिजे. मात्र तेथें गुरांचीं हाडें विपुल मिळालीं असून अशा पशूचें एकहि हाड मिळालेलें नाहीं. माझ्या मतें तें एखाद्या समूहाचें चिन्ह असावें. लिपि लागेपर्यंत याहून अधिक बोलतां येत नाहीं.

कांहीं जण या मुद्रांचा संबंध थेट क्टेसियसच्या रानगाढवाशीं जोडतात. मध्यें सुमारें दीड हजार वर्षांची पोकळी आहे. ती भरून काढणारें एखादें चित्र वा लेख पुढें आल्यावांचून हें अनुमान स्वीकारणें प्रस्तुत लेखकास शक्य वाटत नाहीं.