कोपराचे दुखणे आणि सुईचा इतिहास

वाचकहो, इतिहासाच्या मास्तराला तारखांचे वेड असते. आज नागपूरच्या दोन तारखा सांगतो. पहिली २६ ऑक्टोबर २००४ आणि दुसरी २५ ऑक्टोबर २००५. मध्ये वर्षाला एक दिवस कमी. या दोन्ही दिवशी सिव्हिल लाइन्समधल्या विदर्भ क्रिकेट संघटनेच्या जुन्या मैदानावर सचिन तेंडुलकर दुखण्यातून उठून पुन्हा खेळायला उतरला होता. पहिल्या खेपेला ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी सामना होता. सचिनच्या धावा झाल्या ८ आणि २, आणि भारत ३४२ धावांनी हरला. दुसऱ्या खेपेला श्रीलंकेविरुद्ध एक दिवसाचा सामना. त्यात त्याने ९३ धावा काढल्या. मधल्या काळात, मे २००५ मध्ये, लंडनला त्याच्या डाव्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली होती. हातात बॅट उचलवत नाही, आता आपला खेळ संपला, असे त्या दिवसांत वाटले होते, हे त्याने पुढे स्वतःच सांगितले आहे.

त्या दुखण्याचे नाव टेनिस एल्बो. नाव टेनिसचे, पण ते जडते कुणालाही. १८८० च्या सुमारास इंग्लंडात हिरवळीवरच्या टेनिसची टूम निघाली, तेव्हा हे नाव पडले. त्याआधी १८७३ मध्ये रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टराने हेच दुखणे लेखणी चालविणाऱ्यांच्या हातात पाहिले होते. म्हणजे खेळाडूच्या आधी कारकुनाचा मान! आमच्या प्रतापनगरात ते कपडे पिळणाऱ्या बायांना आहे, रंधा मारणाऱ्या सुताराला आहे, आणि वीस वर्षे फळ्यावर खडू चालविल्यावर मलाही झाले. खेड्यातल्या वाचकांनी कुऱ्हाड किंवा धार काढणारा हात आठवावा.

आपण म्हणतो, "शीर धरली." पण दुखते ती शीर नव्हे. स्नायूला हाडाशी बांधणारा एक चिवट पांढरा दोर असतो, त्याला कंडरा म्हणतात. शब्द जुना आहे. सुश्रुताने शरीरात सोळा कंडरा मोजल्या आहेत. ज्यांनी मोट पाहिली आहे त्यांना हे लगेच समजेल. बैल म्हणजे स्नायू, मोट म्हणजे हाड, आणि मधला नाडा म्हणजे कंडरा. बैल धडधाकट, मोटही शाबूत, पण नाडा विरत चालला तर पाणी वर येईल कसे?

आता सुईची कथा. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. हेंच यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका बाईला कॉर्टिसोन टोचले आणि ती थोड्याच दिवसांत चालू लागली. १९५० मध्ये हेंच, केंडॉल आणि राइखश्टाइन यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. १९५१ पासून त्याच जातीचे औषध थेट सांध्यात टोचू लागले, आणि मग दुखऱ्या कंडरेपाशीही. विचार सरळ होता. दुखते आहे म्हणजे आत दाह आहे. दाह विझवा, दुखणे जाईल.

आणि जात होतेही! मी स्वतः ते इंजेक्शन घेतले आहे. आठ दिवसांत हात असा मोकळा झाला, की मी भेटेल त्याला डॉक्टरांचे गुण सांगत सुटलो. चार महिन्यांनी दुखणे परत आले ते दुपटीने. चहाचा कप उचलवेना. डॉक्टरांनी दुसरी सुई सुचविली. तेव्हा मी त्यांना दोष दिला. आता वाटते, ते त्यांच्या शिकवणुकीप्रमाणेच वागत होते.

चूक होती ती निदानाच्या मुळाशी. १९७९ मध्ये निर्शल आणि पेट्रोन या दोघा अमेरिकन डॉक्टरांनी शस्त्रक्रियेत काढलेले कंडरेचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. दाहाच्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. होता तो विस्कटलेला, नीट न सांधलेला धागा. आग नव्हतीच, झीज होती. आणि आपण पाणी ओतत होतो. तरी सुया चालूच राहिल्या, कारण पहिले काही आठवडे रोगी खूष असतो. शेवटी २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला १६५ रोग्यांवर केलेल्या चाचणीचे आकडे प्रसिद्ध झाले. खऱ्या औषधाची सुई घेतलेल्यांपैकी ५४ टक्के लोकांचे दुखणे वर्षभरात उलटले; नुसती नावाची सुई घेतलेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होते. माझे चार महिने त्या ५४ टक्क्यांतले.

झीज आहे म्हटल्यावर पुढचा विचार आपोआप येतो : झिजलेल्या जागी नवे कारागीर का धाडू नयेत? हे कारागीर म्हणजे जिवंत पेशी. पहिला मान इथे घोड्याला मिळाला. २००३ मध्ये लंडनच्या पशुवैद्यक महाविद्यालयातल्या मंडळींनी पोलो खेळणाऱ्या एका घोड्याच्या अस्थिमज्जेतून मूलपेशी काढल्या, वाढविल्या आणि त्याच्याच पायाच्या फाटलेल्या कंडरेत सोडल्या.

माणसाच्या कंडरेत ही गरज किती आहे, याचा पुरावा मोठ्या विलक्षण जागी सापडला. १९५५ ते १९६३ या काळात बड्या राष्ट्रांनी उघड्या हवेत अणुबॉम्ब फोडले. त्यामुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला आणि अन्नावाटे सर्वांच्या शरीरात गेला. कोपनहेगनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये टाचेच्या कंडरेत तो कार्बन मोजला. निष्कर्ष असा, की कंडरेचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि पुढे जवळजवळ बदलतच नाही. पन्नाशीचा माणूस शाळकरी वयातल्या दोरावर चालतो. हे मी वर्गात सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरची मुलेदेखील स्वतःची टाच चाचपू लागली.

त्याच वर्षी पर्थच्या मंडळींनी आपले पहिले अनुभव छापले. गुडघ्याखालच्या निरोगी कंडरेतून सुईने बारीकसा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी काही आठवडे प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि त्याच माणसाच्या कोपरात सोडायच्या. जुन्या, हट्टी दुखण्याच्या रोग्यांना आराम पडला. मात्र रोगी थोडे होते, आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. येथे एक मेख आहे. टेनिस एल्बो बहुतेकांचा वर्षभरात आपोआपच ओसरतो. मग गुण पेशींचा की दिवसांचा, हे तुलनेवाचून ठरवायचे कसे? रक्त काढून, फिरवून, त्यातला प्लेटलेटचा अंश टोचण्याच्या उपायाची हीच गत झाली. आरंभी फार गाजावाजा झाला, आणि २०२१ मध्ये ३२ चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा लक्षात येण्याजोगा फायदा बहुधा नाहीच असे दिसले.

आपल्या महाराष्ट्रातही पेशी वाढविण्याची विद्या आली आहे. रोग्याच्याच कूर्चेच्या पेशी वाढवून गुडघ्यात बसविण्याच्या उपचाराला २०१७ मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनी परवानगी दिली. ती प्रयोगशाळा लोणावळ्याला आहे. पण ती परवानगी कूर्चेची, कंडरेची नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने त्याच वर्षीच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे, की रक्ताच्या काही विकारांवरचे रोपण सोडले, तर मूलपेशींचा उपचार मंजूर चाचणीबाहेर करू नये.

हे सारे मी का शोधत बसलो? आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षक राहतात. परवा ते एक रंगीत पत्रक घेऊन आले. "मूलपेशींचे इंजेक्शन, कोपर कायमचे बरे." रक्कम अशी, की भविष्यनिर्वाह निधीच्या ठेवीला हात लावावा लागला असता. मला म्हणाले, "सर, तुम्ही घेतली होती ना सुई? मग मी ही घेऊ का?"

मी म्हटले, "गुरुजी, त्यांना दोनच गोष्टी विचारा. ही मंजूर चाचणी आहे का? आणि असेल, तर प्रयोगाच्या सुईचे पैसे माझ्याकडून का घेता?"

गुरुजी विचारून आले. उत्तर मिळाले नाही. दुसरे पत्रक मिळाले.

तेव्हापासून ते रोज सकाळी आमच्या ओसरीवर येतात. फिजिओथेरपीच्या बाईंनी दाखविलेला व्यायाम आम्ही दोघे करतो. हात मांडीवर टेकवायचा, मुठीत पाण्याची बाटली धरायची, दुसऱ्या हाताने मनगट वर न्यायचे आणि मग सावकाश, अगदी सावकाश, खाली सोडायचे. असे पंधरा वेळा, तीनदा. तीन महिने झाले. मी एक लिटरच्या बाटलीवर आलो आहे. गुरुजींची अजून अर्ध्या लिटरची आहे, आणि तीही ते पूर्ण भरत नाहीत, हे माझ्या लक्षात आले आहे.